अँडी तर निर्दोष होता!

होस्टेलवर वर्षातून चारदा तरी ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ लागतो. सबमिशन संपलं की शॉशँक, केटी लागली की शॉशँक! १९९४ च्या या सिनेमाला ऑस्करची सात नामांकनं होती, बक्षीस एकही नाही. तरी आमच्या विंगमध्ये अँडीची ती छोटी हातोडी सगळ्यांना पाठ आहे. सिनेमा भारीच, वादच नाही. पण मित्रांनो, एक गोष्ट मला खटकते. अँडी निर्दोष असतो. निर्दोष माणसाच्या बाजूने उभं राहायला काय लागतं? ज्यानं खरंच खून केलाय, त्याचं काय? शॉशँकमध्ये तो रेड आहे, पण टाळ्या अँडीच घेऊन जातो.

आपल्या व्ही. शांतारामांनी हा प्रश्न १९५७ मध्येच अंगावर घेतला. ‘दो आंखें बारह हाथ’मधले सहाच्या सहा कैदी खुनी. जेलर आदिनाथ त्यांना ओसाड माळावर नेतो, शेती करायला लावतो. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिचं मूळ त्यांच्याच माणदेशात आहे. औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढली. कैद्यांनी बायका-मुलांसह राहायचं, शेती करायची. यामागे मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे गृहस्थ होते. इंजिनिअर, बरं का!

मला सिनेमातला बाजाराचा भाग सगळ्यात पटतो. हे सहाजण स्वस्तात भाजी विकतात, तर त्यांच्यावर उठतात ते बाहेरचे व्यापारी. म्हणजे कैदी सुधारले, तरी बाजार त्यांना जागा द्यायला तयार नाही.

मी वडवणीचा. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. आमच्या वस्तीवरचा एकजण शिक्षा पुरी भोगून आला. अंगात ताकद, कामाची सवय, बायकोही तयार. त्या साली एकाही मुकादमानं त्याला उचल दिली नाही. ‘टोळीत बायका-पोरं असतात,’ म्हणे. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण कोर्टानं त्याला वर्षं मोजून शिक्षा दिली होती, गावानं मोजलीच नाहीत.

शॉशँकमधला म्हातारा ब्रूक्स सुटतो आणि बाहेर त्याला जगताच येत नाही, तेव्हा आमची अख्खी विंग गप्प होते. उद्या आपल्यातलाच कुणी साइट इंजिनिअर होईल, लेबर भरेल. असा माणूस समोर आला तर? मी घेईन. पहिल्याच महिन्यात स्टोअरची किल्ली देईन का, ते आत्ता सांगता येत नाही. पण हजेरीपटावर त्याचं नाव लिहीन.