नाव दासाचे, जमीन धन्याची!

आमचे एक वकील मित्र गेल्या हिवाळ्यात सहकुटुंब इंडोनेशियाला जाऊन आले. बोरोबुदूरचा स्तूप पाहायचा ही त्यांची जुनी इच्छा. आपले धम्मबांधव श्रीलंका, थायलंडप्रमाणे आता तिकडेही जाऊ लागले आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परतताना ते बालीहून तासा-सव्वा तासाच्या विमानाने सुंबा नावाच्या बेटावर गेले, दोन दिवस राहिले आणि तिथल्या खेड्यांचे ढीगभर फोटो घेऊन आले. फोटो दाखवताना म्हणाले, "अहो, काय शांत गाव आहे! ना कुंपण, ना कुलूप. सगळी घरं एकमेकांकडे तोंड करून. मधल्या अंगणात पूर्वजांच्या कबरी. गेलं की पानसुपारी देतात. गावगाडा असावा तर असा!"

गावगाडा हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात.

आम्ही सुंबाला गेलेलो नाही. पण वकिलाची सवय अशी की जागेची शोभा पाहण्याआधी सातबारा पाहायचा. सुंबाचा सातबारा कोणी लिहून ठेवलेला नाही, तरी तिथे राहून आलेल्या अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे. ग्रेगरी फोर्थ हे मानववंशशास्त्रज्ञ पूर्व सुंबातील रिंदी या गावात राहिले आणि 1981 साली त्यांचे पुस्तक आले. वेब कीन, जॅनेट हॉस्किन्स, जॅकलिन वेल यांनी बेटाच्या इतर भागांवर लिहिले. हे वाचताना आम्हाला अनेकदा पुस्तक मिटून बसावे लागले. इतके ते ओळखीचे वाटले.

सुंबा हे फ्लोरेसच्या दक्षिणेला असलेले बेट. पूर्व नुसा तेंगारा या प्रांतात मोडते. पूर्वेकडचा भाग कोरडा, गवताळ माळाचा, घोड्यांसाठी प्रसिद्ध. वायंगापू हे तिथले मोठे गाव, आणि तिथून पूर्वेला पासष्ट-सत्तर किलोमीटरवर रिंदी. घरे उंच, मधोमध मनोऱ्यासारखे वर गेलेले छप्पर. मनोऱ्यात 'मारापू' म्हणजे पूर्वजदैवतांच्या पवित्र वस्तू, मधल्या बांबूच्या जमिनीवर माणसे, खाली डुकरे-कोंबड्या. अंगणात कित्येक टनांच्या शिळा रचून केलेल्या कबरी. दर्शनी बाजूला रेड्यांची शिंगे टांगलेली. जितकी शिंगे, तितके रेडे त्या घराने अंत्यविधीत कापले, म्हणजे तितकी त्या घराची पत.

मित्राच्या फोटोत हे सगळे होते. मात्र त्या शिळा ओढून कोणी आणल्या, हे फोटोत दिसत नाही.

पूर्व सुंबाचा समाज तीन थरांचा आहे. वर 'मारांबा', म्हणजे सरदार-राजे. मधे 'काबिहू', म्हणजे कुळवाले स्वतंत्र लोक. आणि खाली 'आता'. आता म्हणजे दास. हा दास कर्जात बुडाला म्हणून दास नाही आणि कर्ज फेडले म्हणून मोकळा होत नाही. तो दासीच्या पोटी जन्मला म्हणून दास आहे. त्याला स्वतःचे कुळ नाही. तो धन्याच्या घरात मोजला जातो. त्याचे लग्न धनी लावून देतो, मुलीकडे द्यायचे घोडे-रेडेही धनीच देतो, आणि म्हणून होणारी मुले धन्याची. मारांबाची लेक सासरी जाताना तिच्याबरोबर दासी पाठवायच्या, ही रीत. जन्मावर ठरलेला, पिढ्यान्पिढ्या चालणारा, न सुटणारा दर्जा! याला आपण काय म्हणतो, ते या वर्तमानपत्राच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

आणि एक गोष्ट तर अशी की ती वाचून आम्ही थक्क झालो. मोठ्या मारांबाचे खरे नाव तोंडाने उच्चारायचे नसते. मग त्याला हाक कशी मारायची? त्याच्या दासाच्या नावाने! 'उंबू नाई अमुक', म्हणजे 'अमुक दासाचा धनी'. दासाला कुळ नाही, जमीन नाही, कबर नाही. होते ते एक नाव. तेही धन्याने आपले नाव झाकण्यासाठी पांघरूण म्हणून घेतले.

आमच्याकडे महाराचे नाव कोणी पाटलाने घेतले नाही, सावलीसुद्धा नको होती. त्यामुळे दोन्ही व्यवस्था सारख्याच आहेत असे आम्ही म्हणत नाही. सुंबात शिवाशिवीचे शास्त्र आपल्यासारखे नाही. आता धन्याच्याच घरात वावरतो, तिथेच राबतो. पण जवळ वावरू दिले म्हणजे माणूस मानले असे होत नाही. घोडाही जवळच बांधलेला असतो.

आता मालमत्तेचा प्रश्न पाहू. सुंबात संपत्ती म्हणजे बँकेतले पैसे नव्हेत. संपत्ती म्हणजे जमीन, घोडे, रेडे, सोन्याचे 'मामुली' नावाचे दागिने आणि हाताने विणलेली वस्त्रे. यातली वस्त्रे पाहा. 'हिंग्गी' नावाची पुरुषांची चादरीसारखी वस्त्रे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. तांबडा रंग आपल्याकडच्या बारतोंडीच्या जातीच्या झाडाच्या मुळीतून काढतात, निळा निळीतून. पूर्वी हे तांबडे वस्त्र आणि त्यावरची ठरावीक नक्षी मारांबाखेरीज कोणी अंगावर घ्यायची नाही, असा दंडक होता. त्या राजनक्ष्यांपैकी एकीचे नाव आहे 'पाटोला रातू'. हा पाटोला म्हणजे आपला गुजरातचा पटोला! डच व्यापाराच्या काळात तो त्या बेटांवर पोचला आणि तिथल्या राजांनी त्याची नक्षी स्वतःसाठी राखून ठेवली. पाटणच्या साळवी विणकरांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जालन्याहून गेले. म्हणजे मराठवाड्याशी नाते सांगणाऱ्या हातांची नक्षी हजारो मैलांवर जाऊन कोणी काय नेसावे याचा कायदा झाली. विणणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. पण वस्त्रावरून माणसाची पायरी ठरवण्याची विद्या केवळ मनूकडेच होती, असे समजण्याचे कारण नाही.

मारांबा मेला की त्याचे प्रेत डझनावारी वस्त्रांत गुंडाळून ठेवतात. अंत्यविधीला लागणारे रेडे, घोडे, पाहुणे जमेपर्यंत कधी वर्षानुवर्षे. विधीत 'पापांगांग' म्हणून काही दासांना सजवून प्रेताचे सोबती करतात. ते अन्नपाणी सोडून, भान हरपून बसतात. जुन्या काळी धन्याबरोबर दासालाही मारत, असे सांगितले जाते. मेल्यावरही धन्याला हुजऱ्या लागतो!

डचांनी आपल्या पूर्वेकडच्या वसाहतीत 1860 साली दास्य कायद्याने बंद केले. पण सुंबाच्या आतल्या भागात त्यांचा अंमल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचला, आणि पोचला तेव्हा त्यांनी राज्य चालवायला कोणाला नेमले? त्याच मारांबांना, राजा म्हणून. इंग्रजांनी आमच्याकडे 1874 च्या वतन कायद्याने जे केले, त्याच वळणाचे हे राजकारण. त्या कायद्यात दुरुस्तीसाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले, तेव्हा वतन ही जमीन नसून गळ्यातला साखळदंड आहे हे समजावून सांगता सांगता त्यांची दमछाक झाली. सुंबाच्या आताला त्याचे बाबासाहेब अजून भेटायचे आहेत. दास्य कायद्याने कधीच गेले. तरी पूर्व सुंबात मारांबा आणि आता हे नाते आजही जिवंत असल्याचे अभ्यासक आणि पत्रकार लिहीत आले आहेत.

धर्म बदलल्याने सुटका झाली का? सुंबातील बहुसंख्य लोक आता ख्रिस्ती आहेत. मारांबाही ख्रिस्ती, आताही ख्रिस्ती. एकाच चर्चमध्ये प्रार्थना आणि घरी आल्यावर ज्याची त्याची पायरी. आपल्याकडच्या दलित ख्रिस्ती बांधवांना हे वेगळे सांगायला नको. जे मारापू मानत राहिले त्यांची सरकारने वेगळीच कोंडी केली. इंडोनेशियात सहाच धर्मांना मान्यता. ओळखपत्राच्या रकान्यात त्यांपैकी एक लिहा नाहीतर रकाना कोरा ठेवा. कोऱ्या रकान्यामुळे लग्नाची नोंद नाही, मुलांच्या दाखल्यांची मारामार. अखेर 7 नोव्हेंबर 2017 रोजी तिथल्या घटना न्यायालयाने हा भेद घटनाविरोधी ठरवला. अर्जदारांपैकी एक सुंबाचा मारापू अनुयायी होता. 1956 नंतर बौद्ध झालेल्या माणसाला केंद्राच्या सवलतींसाठी 1990 पर्यंत थांबावे लागले. रकान्याची किंमत काय असते हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. त्या निकालाचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

पण त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एका निकालावर आम्हाला थोडे थांबून बोलायचे आहे. 16 मे 2013 रोजी न्यायालयाने सांगितले की रूढीने चालत आलेल्या समूहाचे जंगल हे सरकारचे जंगल नव्हे, त्या समूहाचे आहे. इंडोनेशियाच्या घटनेचे कलम 18-ब रूढी समूहांना मान्यता देते. आदिवासींच्या जमिनी लाटणाऱ्या कंपन्यांविरुद्ध हे मोठे हत्यार आहे, आणि सुंबात त्याची गरजही आहे. पश्चिम सुंबाचा किनारा पर्यटनवाल्यांच्या डोळ्यांत भरला आहे. तिथले एक हॉटेल 2016 आणि 2017 साली एका अमेरिकी मासिकाच्या यादीत जगात पहिले आले. आणि 25 एप्रिल 2018 रोजी मारोसीच्या किनाऱ्यावर जमीन मोजणीला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलीस तुटून पडले, त्यात एक गावकरी गोळी लागून मेला. आमच्या मित्राने ज्या समुद्रात सूर्यास्त पाहिला तो याच बेटाचा किनारा.

आम्ही त्या गावकऱ्यांच्या बाजूने आहोत, यात शंका नको. पण आमचा प्रश्न पुढचा आहे. जमीन 'समूहा'ची झाली म्हणजे कोणाची झाली? समूहाच्या वतीने सही कोण करणार? रूढी काय म्हणते हे न्यायालयात कोण सांगणार? जो आता रूढीनुसार समूहाचा घटकच नाही, समूहाची मालमत्ता आहे, त्याच्या वाट्याला त्या निकालातून किती गुंठे येतील? 2014 च्या ग्राम कायद्याने तिथे केंद्राचा निधी थेट खेड्याकडे जाऊ लागला. तो कोणाच्या हातून वाटला जातो? बाबासाहेबांनी 1932 साली मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकाला आणि 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवाला विरोध केला, तो याच प्रश्नांसाठी. त्यांना खेड्याचा राग नव्हता. खेड्यात सही कोणाची चालते हे त्यांनी पाहिले होते.

आमचे काही डावे आणि पर्यावरणवादी मित्र म्हणतील, हा प्रश्न आत्ता काढू नका, कंपनीला फायदा होईल. हे आम्ही फार वर्षे ऐकत आलो आहोत. आधी स्वातंत्र्य, मग अस्पृश्यता. आधी वर्ग, मग जात. आता म्हणे आधी रूढी वाचवा, मग आता! इंडोनेशियाच्या त्याच घटनेत कलम 28-आय आहे: गुलाम न होण्याचा हक्क कोणत्याही परिस्थितीत कमी करता येणार नाही. दोन्ही कलमे 2000 सालच्या एकाच दुरुस्तीत आली. वकील म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. 18-ब वाचताना 28-आय शेजारी उघडे ठेवूनच वाचले पाहिजे. रूढी समूहाला जमिनीची मान्यता देताना त्या समूहातील प्रत्येक घराला, आताच्या घरालाही, हिस्सा आणि मत असल्याची अट घातली पाहिजे. तसे झाले तर कंपनीलाही एका मारांबाला गाठून गाव विकत घेता येणार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत काय होऊ शकते हे तिथेच दिसले. मुलीला भररस्त्यातून उचलून न्यायचे आणि नंतर घोडे-रेडे देऊन लग्न लावायचे, या 'कावीन तांगकाप' प्रकाराला रूढी म्हणून पिढ्यान्पिढ्या झाकले गेले. 2020 साली चित्रफिती बाहेर आल्या, गदारोळ झाला. 2022 च्या लैंगिक हिंसाचारविरोधी कायद्याने सक्तीचा विवाह गुन्हा ठरवला, आणि 2023 साली नैऋत्य सुंबात असे अपहरण करणाऱ्यांना अटक झाली. रूढी आभाळातून पडलेली नसते. कायदा मागे लागला की ती बदलते.

राहिला प्रवास. आमच्या मित्राने दोन विमाने बदलून सुंबा गाठले. सुंबातल्या गरिबाचा प्रवास उलट दिशेचा. बालीच्या बांधकामावर, नाहीतर मलेशियाच्या पामतेलाच्या मळ्यांत आणि श्रीमंतांच्या घरी मोलकरीण म्हणून. याच प्रांतातील तिमोरची एक मोलकरीण 2018 साली पेनांगमध्ये छळाने मेली, तिच्या मालकिणीवरचा खुनाचा खटला टिकला नाही, आणि 2022 साली मलेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सुटका कायम केली. मलेशियाहून कुपांगच्या विमानतळावर येणाऱ्या शवपेट्या ही तिथल्या वर्तमानपत्रांची नेहमीची बातमी आहे. तरीही माणसे जातात. आमची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेली, ती काय चैन म्हणून? गावात पोट भरत नव्हते आणि मानही नव्हता. आताला गाव सोडता येणे हीच पहिली मालमत्ता आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने, डर्बनच्या परिषदेनंतर वर्षभरात, 2002 साली आपल्या 29 व्या शिफारशीत जन्मावर आधारलेला भेद, जात आणि जातीसारख्या व्यवस्था, वंशभेदाच्या कराराखाली येतात असे म्हटले. भारत सरकारने त्यावर केलेली कसरत सर्वांना आठवत असेल. इंडोनेशियाने तो करार 1999 मध्ये स्वीकारला आहे. जिनिव्हाला जाणारे आपले प्रतिनिधी जपानचे बुराकू, येमेनचे अखदाम, पश्चिम आफ्रिकेतील जन्माने हीन ठरवलेले समूह यांच्याबरोबर बसतात, एकमेकांची निवेदने वाचतात. इंडोनेशियाचा अहवाल तिथे पुढच्या वेळी येईल तेव्हा पूर्व सुंबाच्या आताबद्दल एक परिच्छेद आपल्या निवेदनात असावा, आणि तो लिहिण्याआधी सुंबातल्या एखाद्या आता घरातल्या शिकलेल्या मुलाशी किंवा मुलीशी बोलणे व्हावे. मसुद्याचे काम आम्ही करायला तयार आहोत. आमचे मित्र पुढच्या वर्षी पुन्हा बोरोबुदूरला जाणार आहेत. निरोप पोचवायचे त्यांनी कबूल केले आहे.