कॅमेऱ्याला दिसले, डोळ्यांना नाही!

पुण्याच्या परिसरात महाळुंगे नावाची दोन गावे आहेत. एक बालेवाडीला लागून असलेले. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल तेथे आहे. दुसरे चाकणजवळचे, महाळुंगे इंगळे. तेथे औद्योगिक वसाहत आहे आणि वाहनांचे भाग तयार करणारे कारखाने आहेत. एका महाळुंग्यात खेळ चालतो, तर दुसऱ्यात दिवसरात्र मोजमाप चालते. खेळाच्या जगात सध्या जो एक वाद गाजतो आहे, त्याचे उत्तर मला या दुसऱ्या महाळुंग्यात सापडते. ते कसे, हे पाहू.

वाद असा आहे: कॅमेरा आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांना खेळात किती अधिकार द्यावा? 2022 मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे काही सामने बालेवाडीच्या संकुलात झाले. त्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपासून चित्रफीत पाहून निर्णयाला मदत करणारे पंच नेमलेले होते. क्रिकेटमधला तिसरा पंच तर तुमच्या परिचयाचाच आहे. 14 नोव्हेंबर 1992 रोजी डर्बनच्या कसोटीत तिसऱ्या पंचाने बाद ठरवलेला पहिला फलंदाज आपल्या मुंबईचाच होता, सचिन तेंडुलकर! पण या प्रश्नाच्या मुळाशी जायचे तर गोल्फकडे पाहावे लागेल.

गोल्फ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. पुण्यात येरवड्याला त्याचे मैदान आहे, आणि पुण्याचा उदयन माने 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ खेळला. लांब दांड्याच्या काठीने चेंडू मारत मारत तो कमीत कमी फटक्यांत दूरच्या खळग्यात घालायचा, असा हा खेळ. मैदान इतके विस्तीर्ण असते की, प्रत्येक खेळाडूमागे पंच ठेवणे कठीण. म्हणून या खेळात एक सुंदर प्रथा पडली आहे. आपल्या हातून नियमभंग झाला, तर तो खेळाडूने स्वतः सांगायचा आणि दंडाचा फटका आपल्या नावावर स्वतः मांडायचा.

आता 2016 सालची गोष्ट ऐका. अमेरिकेतील महिलांच्या खुल्या स्पर्धेत स्वीडनची ॲना नॉर्डक्विस्ट आणि अमेरिकेची ब्रिटनी लँग यांची बरोबरी झाली व विजेती ठरवण्यासाठी आणखी तीन खळगे खेळवण्यात आले. त्यांतील दुसऱ्या खळग्यावर ॲनाचा चेंडू वाळूत होता. फटक्यासाठी काठी मागे नेताना ती वाळूला लागता कामा नये, असा नियम आहे. कॅमेऱ्याचे चित्र खूप मोठे करून पाहिले, तेव्हा काठीच्या स्पर्शाने वाळूचे काही कण हललेले दिसले. ॲनाला दोन फटक्यांचा दंड झाला आणि लँग विजयी झाली.

तुम्ही म्हणाल, “काठी लागली हे तर खरे ना? मग दंड योग्यच!” विज्ञानाच्या विद्यार्थ्याला असे वाटणे स्वाभाविक आहे. पण थोडे थांबा आणि माझ्याबरोबर चाकणच्या बाजूला चला.

समजा, तेथल्या एखाद्या कारखान्यात 20 मि.मी. व्यासाचा दांडा करायचा आहे. ड्रॉइंगवर नुसते ‘20’ लिहिलेले नसते. ‘20, अधिक-उणे 0.02’ असे लिहिलेले असते. या मुभेला कारखान्यात टॉलरन्स म्हणतात. तयार झालेला जॉब गो-नोगो गेजने तपासतात. गेजच्या एका बाजूत दांडा गेला पाहिजे, दुसऱ्या बाजूत जाता कामा नये. झाले, जॉब पास! मग कोणी अधिक सूक्ष्म उपकरण आणून म्हणाले, “अहो, हा तर 20.003 भरतो, नापास करा,” तर तपासनीस हसेल. उपकरण खोटे बोलते म्हणून नव्हे. तेवढ्या सूक्ष्म फरकाची मागणी ड्रॉइंगने केलेलीच नाही म्हणून!

खेळाचा नियम हेही एक ड्रॉइंगच आहे. त्यावर टॉलरन्स लिहिलेला नसेल, तर कॅमेरा जसजसा तीक्ष्ण होईल, तसतसा नियम आपोआप कडक होत जातो. काल निर्दोष असलेला खेळाडू आज दोषी ठरतो, आणि नियमाचा एक शब्दही बदललेला नसतो. माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

गोल्फच्या नियमकर्त्यांनी ही मुभा हळूहळू लिहून टाकली. 2014 पासून असे ठरले की, थांबलेला चेंडू जागचा हलला की नाही हे पाहताना, नुसत्या डोळ्यांना जाणवणार नाही एवढे हलणे धरायचे नाही. एप्रिल 2017 मध्ये ही कसोटी अधिक व्यापक केली गेली. जी गोष्ट नुसत्या डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते, ती पुढे चित्रफितीत दिसली तरी तिच्याबद्दल दंड नाही. मला हा बदल अतिशय योग्य वाटतो. जो खेळ खेळाडूच्या प्रामाणिकपणावर उभा आहे, त्याने खेळाडूला डोळ्यांच्या शक्तीपलीकडचे पाहायला सांगणे हा अन्याय होईल.

यावर शंका निघते की, मग लबाड खेळाडू “मला दिसले नाही” म्हणून सुटेल. पण कसोटी ‘दिसले का’ ही नाही, ‘दिसू शकले असते का’ ही आहे. ती खेळाडूच्या शब्दावर नाही, मानवी डोळ्याच्या मर्यादेवर अवलंबून आहे. आपल्या व्हर्निअरचे लघुतम माप 0.01 से.मी. असते, तशी ही मर्यादा माना.

पोहण्याच्या शर्यतीतही हेच घडले आहे. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये 400 मीटर मिश्र शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मॅकीपेक्षा 0.002 सेकंदाने पुढे ठरला. दोघांनाही सुमारे 272 सेकंद लागले होते. म्हणजे वेग सेकंदाला दीड मीटरच्या आतबाहेर. 0.002 सेकंदात पोहणारा किती पुढे जाईल? गुणाकार करा, उत्तर सुमारे 3 मि.मी. येते. तलाव बांधताना दोन मार्गिकांच्या लांबीत एवढा फरक सहज राहू शकतो! तेव्हा घड्याळाने माणसांची तुलना केली की भिंतींची? पुढे नियम बदलला आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच वेळ धरू लागले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 100 मीटर मुक्त शैलीत सिमोन मॅन्युएल आणि पेनी ओलेक्सियाक दोघींना 52.70 सेकंद लागले, आणि दोघींनाही सुवर्णपदक मिळाले. आणखी एक अंक मिळवता येत असूनही तो मागायचा नाही, हीसुद्धा विज्ञाननिष्ठाच आहे.

आता दुसऱ्या प्रकारची चूक पाहा. एप्रिल 2017 मध्येच अमेरिकेची लेक्सी थॉम्प्सन एका मोठ्या स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी दोन फटक्यांनी आघाडीवर होती. आदल्या दिवशी तिने उचललेला चेंडू मूळ जागेपासून सुमारे अडीच सें.मी. बाजूला ठेवला होता. दूरचित्रवाणीवर हे पाहणाऱ्या कोणा प्रेक्षकाने आयोजकांना पत्र पाठवले. तिला एकूण चार फटक्यांचा दंड झाला आणि अखेर ती हरली. अडीच सें.मी. डोळ्यांना दिसतात, तेव्हा येथे प्रश्न लघुतम मापाचा नाही. प्रश्न असा की, कॅमेरा कोणावर रोखलेला असतो? आघाडीवरच्या खेळाडूंवर! साठाव्या क्रमांकावरील खेळाडूने असाच चेंडू ठेवला असता, तर तो कोणाला दिसणार होता? मोजणी एकाच बाजूला झुकवणाऱ्या अशा चुकीला आपण पद्धतशीर त्रुटी म्हणतो, आणि ती कितीही वाचने घेऊन सरासरी काढली तरी जात नाही. 2018 पासून प्रेक्षकांच्या अशा तक्रारी स्वीकारणे बंद झाले. स्पर्धेचे निरीक्षण नेमलेल्या अधिकाऱ्यांनीच करायचे, असे ठरले.

खेळाडूने कोणती उपकरणे वापरावीत, याचाही विचार गोल्फने नीट केला आहे. लेसरचा झोत सोडून खळग्यापर्यंतचे अंतर मोजणारे यंत्र 2006 पासून आयोजकांच्या परवानगीने वापरता येऊ लागले. 2019 पासून आयोजकांनी मनाई केली नसेल तर ते वापरण्यास सर्वसाधारण मुभा आहे. 150 मीटर अंतरावर प्रकाशाला जाऊन येण्यास एक मायक्रोसेकंद लागतो, तोच हे यंत्र मोजते. मात्र त्याच यंत्राने जमिनीचा चढउतार मोजायचा नाही, मैदानावर वाऱ्याचा वेग मोजायचा नाही, आणि ‘अमुक काठी वापर’ असा सल्लाही घ्यायचा नाही. म्हणजे आकडा यंत्राने द्यावा, निर्णय मात्र माणसाने घ्यावा. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर चालत नाही. तेथेही कोणते काम विद्यार्थ्याने स्वतः करायचे, याची रेषा आधीच आखलेली असते.

हा प्रश्न तुमच्या शाळेच्या मैदानावरही येऊन ठेपला आहे. तालुक्याच्या कबड्डी सामन्यात एखादे पालक मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, “सर, पाहा, बोट लागले होते!” अशा वेळी काय करावे? मोबाइलला झिडकारू नका आणि त्याला देवही मानू नका. तीन प्रश्न विचारा. नियमाने एवढ्या सूक्ष्मतेची मागणी केली आहे का? हाच कॅमेरा दोन्ही संघांवर सारखाच रोखलेला होता का? आणि चित्रफीत धरायची की नाही, हे शिट्टी वाजण्यापूर्वी ठरले होते का? तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर चित्रफीत अवश्य पाहा. एकाचेही ‘नाही’ असेल तर पंचाचा निर्णय मान्य करा.

क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे की, पुढच्या स्पर्धेपूर्वी दोन्ही कर्णधारांना बोलावून या तीन गोष्टी फळ्यावर लिहाव्यात. आणि विद्यार्थ्यांनो, प्रयोगवहीत मोजपट्टीने घेतलेल्या मापापुढे दशांशाचे चार-चार अंक लिहिण्याचा मोह होईल, तेव्हा त्या 20 मि.मी.च्या दांड्याची आठवण ठेवा. मोजणी कोठे थांबवायची, हे ठरवणे हाही मोजणीचाच एक भाग आहे.