पगार चालू आहे ना? मग हात लावू नका

सोमवारी मावशींचा फोन आला. मुलाच्या कागदांसाठी तहसिलीचा जिना अकरा वेळा चढलेल्या या मावशी. मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. स्नायूंची ताकद वर्षागणिक ओसरत जाते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र निघाले तेव्हा तो भिंतीला धरून चालायचा, आणि त्याच्या नावापुढे ५२ टक्के लागले. आज त्याला कूस बदलायलाही दुसरे माणूस लागते. मावशी रात्रीतून चार वेळा उठतात. गेल्या आठवड्यात त्यांनी निराधारच्या टेबलावर विचारले, आता टक्के वाढवून घ्यावेत का? समोरच्या माणसाने फाइलही न उघडता सांगितले, "मावशी, पगार चालू आहे ना? मग हात लावू नका."

त्या कारकुनावर मला रागावता येत नाही. त्याचा सल्ला बरोबर आहे, आणि आठवडाभर मला तेच सलते आहे.

मुलाचा हा ‘पगार’ म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेची महिन्याची रक्कम. योजना १९८० पासून आहे. दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दीड हजाराची अडीच हजार झाली आणि मी मनापासून आनंदलो. पण चाळिसाची पायरी चढली की पुढे सगळे सपाट आहे. ४५ टक्के असोत की ९५, रक्कम तीच. ८० टक्क्यांपुढे दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला केंद्राची इंदिरा गांधी योजना लागू होते. त्यात केंद्र देते ३०० रुपये आणि उरलेली भर राज्य घालते. घरात येणारी रक्कम बदलत नाही. ओळखपत्राचा पिवळा रंग निळा होतो. ६५ टक्क्यांपुढे एसटीत सोबत्यालाही निम्मे तिकीट मिळते, पण मावशींचा मुलगा एसटीच्या दारापर्यंत पोचतच नाही.

आता माझ्या मामांची गोष्ट सांगतो. मामा टपाल खात्यातून निवृत्त झाले. ज्या महिन्यात त्यांना ८० वर्षे पूर्ण झाली, त्या महिन्यापासून मूळ पेन्शनीत २० टक्के भर पडली. ८५ व्या वर्षी ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५०, आणि शंभरी गाठली तर मूळ पेन्शनीइतकीच आणखी रक्कम. सहाव्या वेतन आयोगापासूनची ही तरतूद आहे. मामांना अर्ज करावा लागला नाही. गुडघे किती दुखतात, आंघोळीला कोण घालते, हे कुणी विचारले नाही. पेन्शनीच्या कागदावर जन्मतारीख होती, तेवढी पुरली. शरीर थकत जाते आणि खर्च वाढत जातो, एवढी साधी गोष्ट सरकारने त्यांच्या बाबतीत शब्दावर मानली. हयातीच्या दाखल्याचेही तसेच. २०१४ मध्ये तो डिजिटल झाला, २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरला तरी चालतो. मामा झोपाळ्यावर बसून नोव्हेंबरात दाखला देतात. त्यांचे काहीही कमी होऊ नये. माझे म्हणणे इतकेच, की ऐंशीच्या म्हाताऱ्याचे थकणे ज्या सरकारला न सांगता कळते, त्याला तिशीतल्या मुलाचे थकणे सांगूनही का कळू नये?

सोबतीला माणूस लागते आणि त्याचे मोल असते, हेही सरकार जाणते. सेवेत असताना शंभर टक्के अपंगत्व येऊन निवृत्त झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यासाठी कायम मदतनिसाचा भत्ता आहे. सातव्या आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये झाला. मावशींच्या जागरणाला असे खातेच नाही.

आणि हा आजार वाढणारा आहे हे लपलेले थोडेच आहे? प्रमाणपत्राच्या छापील नमुन्यातच ओळ असते: स्थिती वाढत जाणारी आहे, की सुधारण्याजोगी. डॉक्टर त्यावर खूण करतात. म्हणजे आजच्या ५२ चे उद्या ७५ होतील हे पहिल्याच दिवशी सहीशिक्क्यानिशी लिहिलेले असते. त्या खुणेवरून पुढे काहीही हलत नाही. २०१६ च्या कायद्याने कलम ३८ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांना अर्जाची वाट दिली आहे. मावशींना त्या कलमाचे नाव या फोनवर माझ्याकडून पहिल्यांदा कळले.

उलट दिशेची यंत्रणा मात्र जागी आहे. २०२४ मध्ये यूपीएससीने एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याची उमेदवारी रद्द केल्यापासून राज्यात प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीची भाषा सुरू झाली. खोट्यांना पकडा, कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आहे, ती द्या. मी हे याच सदरात लिहिले आहे. पण त्याची भीती खऱ्यांच्या घरात शिरली आहे. मावशी विचारतात, नव्या डॉक्टरांनी टक्के कमी लिहिले तर? आजार खोटा ठरेल असे त्यांना वाटत नाही. कागद खोटा ठरेल असे वाटते. आधी मिळालेले टक्के चाळीसच्या खाली गेले तर सगळेच जाते.

तहसिलीच्या जिन्याचा विषय मी पुन्हा काढणार, वाचकांनी सोसावे. निराधारची खिडकी तळमजल्यावर असती तर हे नियम असे उरलेच नसते, अशी माझी पक्की समजूत आहे. जो माणूस समोर आणलाच जाऊ शकत नाही, त्याचे खालावणे कुणाच्या डोळ्यांना दिसणार?

म्हणून मागतो ते असे. हयातीच्या दाखल्यावर दुसरा प्रश्न छापा: तब्येत खालावली आहे का? हो म्हणणाऱ्याच्या घरी आरोग्य केंद्राचा डॉक्टर पाठवा. लाभार्थ्याने स्वतः मागितलेल्या फेरतपासणीत चालू पगार थांबणार नाही, असे लेखी द्या. आणि ६० व ८० टक्क्यांवर रक्कम वाढवा, मामांची वाढते तशी.

टक्के ठरवणारे डॉक्टरांचे बोर्ड बुधवारी बसते. जिल्ह्याच्या गावी आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी जाऊन-येऊन अठराशे मागते. "नेऊ का?" असे मावशींनी दोनदा विचारले. मी म्हटले, मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवतो.