कॉफीचा चोथा सिंकमध्ये नको

बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. घरात पाहुणे, ओट्यावर भांड्यांचा डोंगर आणि पाणी काही खाली उतरेना. प्लंबर आला. त्यानं सिंकखालचा वाकडा पाइप सोडवला, आणि खाली धरलेल्या बादलीत काळा, दाणेदार, चिकट असा गोळा पडला. अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बादलीत डोकावून पाहिलं आणि दोनच शब्द बोलल्या, "ही कॉफी."

आमच्या घरात कॉफी पिणारं एकच माणूस. माझी धाकटी जाऊ. तिचं माहेर चिकमगळूरकडचं. लग्नाला तेव्हा आठ महिने झाले होते. माहेराहून तिनं स्टीलचा फिल्टर आणला होता, वर भोकाभोकांचं भांडं, खाली डिकॉक्शन साठवणारं भांडं. सकाळी सगळ्यांच्या चहाच्या आधी उठून ती आपली एवढीशी कॉफी करायची आणि वरच्या भांड्यातला चोथा नळाखाली धरून मोकळी व्हायची. त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर कपाटात गेला आणि ती आमच्याबरोबर चहा प्यायला बसली.

प्लंबर जाताना मला म्हणाला होता, "मॅडम, नुसत्या कॉफीनं एवढं होत नाही. चरबी गोठलीय आतमध्ये." आणि चरबी कुणाची? ईदच्या दिवशी दोन्ही मोठे डेग मीच धुतले होते. गरम पाणी ओतलं, पातळ झालेली चरबी सरळ सिंकमध्ये. ती पाइपात पुढे जाऊन गार झाली, आतून थर बसला आणि कॉफीचे बारीक दाणे त्या थराला चिकटत गेले. कॉफीचा चोथा पाण्यात विरघळत नाही आणि तेल-तूप दिसलं की त्यात रुतून बसतो. सिमेंटमध्ये वाळू बसते तसा. म्हणजे तुंबवण्यात दोघींचा हात होता, पण बोल एकटीला लागला. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, तरी अम्मींना सांगायला मला चार दिवस लागले. वीस वर्षं वर्गात मुलांना "चूक झाली की लगेच सांगावं" असं शिकवणारी मी!

सांगितलं तेव्हा अम्मी म्हणाल्या, "मग तिला सांग, कॉफी कर म्हणावं. फक्त ते काळं कुठं टाकायचं ते तुम्ही दोघी ठरवा." हा लेख त्या ठरवण्यातून आलेला आहे.

पहिल्यांदा एक खुलासा. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी कॉफी म्हणजे बाटलीतली, दुधात टाकली की विरघळणारी. तिचा चोथा उरतच नाही, तेव्हा त्या भगिनींनी इथून पुढचं चहाच्या चोथ्याला लावून वाचावं, फरक मी सांगत जाईन. फिल्टर कॉफीची पूड म्हणजे भाजून दळलेला दाणा, आणि बहुधा त्यात थोडी चिकोरी, जी एका झाडाची मुळी असते. पाकिटावर दोन्हींचं प्रमाण छापलेलं असतं. गरम पाण्यात कॉफीच्या दाण्याचा साधारण पाचवा हिस्साच उतरतो. बाकीचा सगळा चोथा म्हणून मागे राहतो. म्हणजे पैसे देऊन आणलेल्या वस्तूचा मोठा भाग आपण रोज फेकतो.

चहापेक्षा कॉफीच्या चोथ्याचा एक फायदा आहे. आपला चहा दूध, साखर, आलं घालून उकळलेला असतो, त्यामुळे चोथा चिकट. झाडाला घातला की मुंग्या आणि बुरशी. तो दोन-तीन पाण्यांत धुवावाच लागतो. फिल्टरचं डिकॉक्शन नुसत्या पाण्याचं, दूध-साखर नंतर कपात. चोथा स्वच्छ निघतो, वडीसारखा, चमच्यानं सोडवला की झालं.

पण ओला ठेवू नये. डब्यात ओला चोथा झाकून ठेवला तर दोन-तीन दिवसांत पांढरी बुरशी धरते, आणि तो मग कुठल्याच कामाचा नाही. उन्हाळ्यात आमच्या सोलापूरच्या उन्हात जुन्या वर्तमानपत्रावर पसरला की संध्याकाळपर्यंत खडखडीत. पावसाळ्यात तव्यावर अगदी मंद आचेवर परतून घ्यायचा, पोळ्या झाल्यावर तवा गरम असतोच. बोटांत चोळून पाहावं. चिकटला नाही तर डब्यात भरावा.

आता कामं. सगळ्यात उपयोगी काम भांड्यांचं. करपलेली कढई, लोखंडी तवा, खिमा लागलेला ॲल्युमिनियमचा टोप, यांना चमचाभर चोथा आणि थोडा साबण लावून घासलं की करप सुटते आणि मसाल्याचा वासही जातो. आधी भांड्यातली चरबी कागदानं पुसून कचऱ्यात टाकायची आणि घासून झाल्यावर चोथाही कागदानंच काढायचा. नाहीतर पुन्हा प्लंबर. नॉनस्टिकला हात लावू नका, थर खरवडला जाईल. आणि कलईच्या भांड्यांना तर मुळीच नाही. आपल्याकडे तांब्याचे डेग अजून घरोघरी आहेत. कलई म्हणजे कथलाचा पातळ, मऊ थर. दाणेदार काहीही घासलं की तो झिजतो, आणि आतलं तांबं उघडं पडलं की त्यात दही-चिंचेचं शिजवणं धोक्याचं. कलईवाला आता वर्षातून एकदा फिरकला तरी नशीब, तेव्हा आहे ती कलई जपा. पांढऱ्या फरशीवर, संगमरवरावरही नको. फटींत तपकिरी डाग बसतो, तो मी स्वतः दोन तास घासत बसले आहे.

मासे साफ केल्यावर, लसूण सोलल्यावर हाताला राहणारा वास साबणानं जात नाही. चिमूटभर चोथा तळहातावर चोळून धुवा, जातो. फ्रिजमध्ये उघड्या वाटीत सुका चोथा ठेवला तर कच्च्या मटणाचा, कापलेल्या कांद्याचा वास कमी होतो. दोन आठवड्यांनी बदलावा. बुटांच्या कपाटात जुन्या मोज्यात भरून ठेवला, तिथंही बरा. टाचांना खोबरेल तेलात कालवून चोळायला हरकत नाही. चेहऱ्याला मात्र लावू नये असं माझं मत आहे. पुटकुळ्या असलेल्या मुली तो खसाखसा चोळतात आणि कातडी सोलून घेतात. मेंदीत घालण्याबद्दलही विचारतात. चोथ्यात रंग फारसा उरलेला नसतो, आणि कोनात गेला तर कोन अडतो. ताज्या चहाचं किंवा कॉफीचं गाळलेलं पाणी घाला, ते ठीक.

एक काम आमच्या घरात अचानक सापडलं. अम्मींच्या जुन्या सागवानी पलंगाच्या पायावर सायकल घासून पांढरी रेघ उठली होती. धाकटीनं चोथा गरम पाण्यात घट्ट कालवला, कापसाच्या बोळ्यानं रेघेवर लावला, दहा मिनिटांनी पुसला. दोनदा केल्यावर रेघ दिसेनाशी झाली. कायमचा इलाज नाही, ओल्या फडक्यानं पुसत राहिलं की फिकट होते. पण त्या दिवशी अम्मींनी तिला पहिल्यांदा विचारलं, "तुमच्याकडे हे सगळ्यांना येतं का गं?"

तिच्याकडे म्हणजे जिथं कॉफी रुजली असं सांगतात तिथं. चिकमगळूरजवळच्या डोंगराला बाबा बुडनगिरी म्हणतात. बाबा बुडन नावाचे सूफी बुजुर्ग 17 व्या शतकात हजहून परतताना येमेनमधून कॉफीचे सात दाणे घेऊन आले आणि त्या डोंगरात पेरले, अशी तिथली आठवण आहे. शब्दही तिकडूनच आला. अरबी कहवा, तुर्कीत काहवे, डच लोकांकडे कोफी आणि इंग्रजांकडून आपल्याकडे कॉफी. उर्दूत कहवा आहेच. हे मी अम्मींना सांगितलं तेव्हा त्यांनी तो फिल्टर हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला.

आता झाडांचं. इथं सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जातं, आणि मीही चुकले. "कॉफीचा चोथा म्हणजे फुकटचं खत" असं ऐकून मी अम्मींच्या मोगऱ्याच्या कुंडीत बोटभर जाडीचा थर दिला. पंधरा दिवसांत वर टणक पापडी धरली. पाणी घातलं की ते पापडीवरून घरंगळून कडेनं निघून जायचं, आणि मुळं कोरडी. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा अम्मींनी सुरीच्या टोकानं पापडी फोडून काढली, म्हणून झाड वाचलं.

मग मी ते शाळेत नेलं. सहावीच्या मुलांना दह्याचे रिकामे डबे आणायला सांगितले, तळाला भोकं पाडली, मेथी पेरली. एका डब्यात नुसती माती, दुसऱ्यात निम्मी माती आणि निम्मा कोरा चोथा, तिसऱ्यात चोथा घालून कुजवलेलं खत मिसळलेली माती. पाणी सगळ्यांना सारखं. मातीच्या डब्यात चौथ्या दिवशी कोंब आले. कोऱ्या चोथ्याच्या डब्यात उशिरा आले, थोडेच आले आणि खुरटे राहिले. कुजवलेल्या खताची मेथी सगळ्यात हिरवीगार. एका मुलानं विचारलं, "मॅडम, कॉफीनं झोप जाते ना, मग मेथी का झोपली?" प्रश्न हसण्यासारखा असला तरी उत्तर त्यातच आहे. चोथ्यात थोडं कॅफिन आणि इतर काही द्रव्यं उरलेली असतात, ती कोवळ्या रोपांना वाढू देत नाहीत. शिवाय कोरा चोथा मातीत कुजताना तिथले जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी वापरतात, रोपाला मिळत नाही. कुजून झाल्यावर तेच नत्र झाडाला मिळतं. चोथ्यात वजनाच्या सुमारे 2 टक्के नत्र असतं, म्हणजे वस्तू चांगली आहे, घाई वाईट.

म्हणून चोथा कुजवायचा. भोकं पाडलेल्या जुन्या बादलीत खाली सुका पाला, वर भाजीची सालं आणि चोथा, पुन्हा पाला. एकूण बादलीत चोथा पाचव्या हिश्श्याहून जास्त नको. रंगानं तपकिरी असला तरी तो ओल्या कचऱ्यात मोजायचा, त्यामुळे सुका पाला त्याच्या दुप्पट-तिप्पट हवाच. आठवड्यातून एकदा वरखाली करायचं, उन्हाळ्यात पाण्याचा हबका मारायचा. दोन-तीन महिन्यांत मातीसारखा वास आला की तयार. मटणाचे तुकडे, हाडं त्यात टाकू नका, उंदीर येतात. चोथ्यानं माती आंबट होते असंही सांगतात; आंबटपणा बहुतेक कपात उतरलेला असतो, त्याची काळजी नको. काळजी मांजराची घ्या. कॅफिन मांजराला आणि कुत्र्याला विषासारखं, तेव्हा चोथा वाळत घातलेला कागद त्यांच्या तोंडाशी ठेवू नये.

राहता राहिले डास. चोथा जाळून धूर केला की डास जातात, असं आमच्या गल्लीत दोघी-तिघी करतात. धुरानं थोडा वेळ डास बाजूला होतीलही, कुठल्याही धुरानं होतात. पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. ती अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी महिनोन्‌महिने टिकतात. पाणी भरलं की पुन्हा अळ्या. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, प्रत्येक घरी पिंपं भरलेली. ती आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून खरखरीत घासायची, कोरडी करायची आणि झाकायची. गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी डेंग्यूनं तीन आठवडे शाळेत नव्हती. तिच्या घरी रोज संध्याकाळी कॉफीचा धूर व्हायचा आणि अंगणातलं पिंप उघडं होतं.

मुंग्यांचंही तसंच. साखरेच्या डब्याभोवती मी चोथ्याचं रिंगण घातलं होतं. पहिले दोन दिवस मुंग्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी त्यावरून रांगेनं गेल्या.

सध्या आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात दुधाच्या पावडरीचा जुना डबा आहे, त्यात सुका चोथा. सिंकच्या तोंडावर बारीक जाळी बसवली आहे, दहा-वीस रुपयांना भांड्यांच्या दुकानात मिळते. ईदच्या डेगांसाठी मी जुनी वर्तमानपत्रं बाजूला काढून ठेवली आहेत. आणि सकाळी फिल्टरमध्ये आता एक चमचा पूड जास्त पडते, कारण अम्मी अर्धा कप घेतात, साखर जास्त घालून. धाकटीला ती साखर पाहवत नाही, पण ती बोलत नाही.