कोरीव पाय आणि पेढीची पत

जुन्या शिसवी मेज-खुर्च्यांचे वैभव त्यांच्या कोरीव पायांत असते. कोठे सिंहाचा पंजा, तर कोठे नखांत गोळा धरलेला, अठराव्या शतकातील इंग्रजी घडणीचा पाय. परंतु जमिनीची ओल व कीड प्रथम शिरते ती येथेच. त्यातून आपली सुरत तापीकाठची. १९६८ व २००६ सालच्या महापुरांत घरोघरचे सामान पाण्यात उभे होते. कुजलेला पाय काढून कुशल सुतार नवा बसवितो, यात गैर काहीच नाही. गैर आहे ते तीच वस्तू 'अस्सल जुनी' म्हणून विकणे. वस्तू उलटी करताच जाणकारास भेद कळतो; जुन्या पायाचा तळ घासून झिजलेला असतो, नव्याच्या कडा तीक्ष्ण असतात. सामान्य ग्राहक मात्र आपल्या शब्दावरच विसंबतो. अस्सलाच्या नावाने प्रतिरूप देणे हा जैन शास्त्राने अचौर्यव्रताचा अतिचार मानला आहे. म्हणून व्यापारी बंधूंस विनंती की, बिलावर 'पाय नवे' असे स्पष्ट लिहावे. किंमत थोडी उतरेल खरी. पण तोच ग्राहक पुन्हा पेढीची पायरी चढेल.