रुमाल आणि अनामत

स्वारगेटला साताऱ्याची गाडी फलाटाला लागली की दाराशी झुंबड उडते आणि खिडक्यांतून रुमाल आत पडतात. परवा एकाने दोन गाड्यांत दोन रुमाल टाकले. जी आधी सुटेल ती आपली. रुमाल गेला तरी जातं काय?

‘प्रूफ ऑफ स्टेक’वरचा, म्हणजे नाणी अनामत ठेवून चालणाऱ्या ब्लॉकचेन साखळ्यांवरचा जुना आक्षेप नेमका हाच. साखळीला फाटा फुटला की व्यवहार तपासणारा पडताळणीदार दोन्ही फाट्यांवर मत टाकील, त्याचं जातं काय? सुरुवातीच्या रचनांपुरता तो खरा होता. १५ सप्टेंबर २०२२ पासून अनामतीवर आलेल्या इथेरियममध्ये मात्र पडताळणीदाराला इथर या तिथल्या नाण्यातले किमान ३२ इथर अडकवावे लागतात. दुहेरी मत उघडकीला आलं की अनामतीला कात्री लागते आणि हकालपट्टी होते. पुष्कळांनी मिळून केलं, तर सगळी रक्कमही जाऊ शकते. रुमालाऐवजी बोटातली अंगठी टाकायची असती, तर त्या गृहस्थाने एकच गाडी धरली असती.

दुसरा आक्षेप असा, की पैसेवाला नाणी विकत घेऊन साखळी बळकावेल, त्यापेक्षा वीज जाळणारी जुनी पद्धत बरी. हे मला साफ अमान्य आहे. इथेरियम क्लासिक वीज जाळूनच चालते. तिच्यावर जानेवारी २०१९ मध्ये गणनशक्तीच्या बहुमताचा हल्ला झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये एकाच महिन्यात तीनदा. गणनशक्ती भाड्याने मिळते, काम उरकलं की सोडून देता येते. अनामत जळते ती हल्लेखोराची स्वतःची.

एक मान्य करायलाच हवं. एक तृतीयांश अनामत एका हाती गेली, तर व्यवहारांवरची अंतिम मोहोर रोखून धरता येते. २०२३ मध्ये लिडो या एकाच सेवेमार्फत इथेरियमची जवळजवळ तेवढी अनामत गुंतलेली होती. याची मला मनापासून काळजी वाटते.

आणि अनामत ठेवली की सगळं सुरक्षित, असं सांगत फिरणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. त्यांनी आपल्या मुंबईत जन्मलेल्या पॉलिगॉनकडे पाहावं. तिची साखळीही अनामतीचीच. डिसेंबर २०२१ मध्ये खुद्द तिच्या मॅटिक या नाण्याच्या संगणकीय करारातच अशी चूक सापडली, की ९०० कोटींहून अधिक मॅटिक उपसता आले असते, आणि त्यासाठी एकही पडताळणीदार फितवावा लागला नसता. ३ तारखेला एका भल्या संशोधकाने चूक कळवली, ५ तारखेला दुरुस्ती झाली. तेवढ्यात चोराने ८,०१,६०१ मॅटिक नेले. लोकांना हे सांगितलं गेलं २९ तारखेला.