यादीत नाव आहे, म्हणून आत?
कासुर्डीसारख्या गावात ग्रामसभेला मतदारयादीतला प्रत्येक जण बसू शकतो. विकास सोसायटीच्या ठरावावर मात्र सभासदच हात वर करतो. हा फरक गावात कुणाला शिकवावा लागत नाही. लिनक्स सर्व्हर सांभाळणारे मात्र तो वारंवार विसरतात. संस्थेची केंद्रीय डिरेक्टरी, म्हणजे सगळ्यांच्या खात्यांची यादी, सर्व्हरला जोडली आणि पुढे काही केलं नाही, तर तिच्यातला कुणीही, कालच आलेला शिकाऊसुद्धा, लॉगिन करू शकतो. ओळख पटणं वेगळं, प्रवेशाचा हक्क वेगळा. ही डिरेक्टरी सर्व्हरला जोडणाऱ्या एसएसएसडी या सेवेच्या ‘सिंपल’ प्रवेश-पद्धतीत तर परवानगीच्या आणि मनाईच्या याद्या कोऱ्या राहिल्या, की अर्थ ‘कुणीच नाही’ असा नसतो, ‘सगळेच’ असा असतो! मला हे फार धोक्याचं वाटतं. म्हणून परवानगीच्या यादीत एकच गट नेमावा आणि माणसं त्या गटात घालावीत, काढावीत. गटाची ही तपासणी लॉगिन पारखणाऱ्या पॅम या यंत्रणेच्या ‘अकाउंट’ टप्प्यातच हवी, कारण एसएसएचची किल्ली घेऊन येणाऱ्याला पासवर्डचा टप्पा लागतच नाही. बदल करताना रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचं, एक सत्र उघडं ठेवा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. मग गटाबाहेरच्या खात्याने आत शिरून बघा. नकार मिळाला, तरच काम झालं.